दूरचा नंबर

बोरी मागं टाकून यष्टी जिंतूरच्या दिशेनं जरा वेगात आली होती, आणि तेवढ्यात एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. निवांत. जसं काही रस्ता तिच्याच नावावर होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. उभे असलेले लोक एकमेकांवर कलंडले, आणि त्यातला एकजण, बेताच्या उंचीचा, खांद्यावर निळी सॅक अडकवलेला, सरळ त्रिवेणीच्या शेजारच्या खोक्यावर बसला.

खोक्यातून कटकट असा आवाज आला.

"उठा! आधी उठा तुमी!" त्रिवेणी ओरडली.

तो ताडकन उठला. त्याचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. एक हात डोक्यावर ठेवून त्यानं दुसरा छातीशी नेला आणि तो म्हणाला, "क्षमा असावी, भगिनी. मी आपला घोर अपराधी आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसण्याची लाट थेट ड्रायव्हरपर्यंत गेली.

"ह्ये कोणत्या नाटकातलं म्हणायचं?" कंडक्टर पुढं येत म्हणाला. "नेपाळचा का रं तू?"

"नाही, वाहक महोदय. मी फिलिपिन्स देशाचा रहिवासी आहे."

"वाहक महोदय!" कंडक्टरनं कॉलर ताठ केली. "बावीस वर्षं झाली नोकरीला, असं कुणी म्हणलं न्हाई बघा."

त्रिवेणीला मात्र हसू येऊन चालणार नव्हतं. खोक्यात तिनं परभणीहून आणलेल्या चष्म्याच्या फ्रेमा होत्या. तिचे वडील, शिवमूर्ती, जिंतूरच्या बसस्टँडसमोर तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवत होते. तिनं झाकण उघडलं. वरच्या थरातल्या बावीस फ्रेमा पिळलेल्या आंब्याच्या कोयीसारख्या दिसत होत्या.

तो वाकून बघत होता. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं, पण त्याची नजर फ्रेमांवर होती, आणि त्या नजरेत काहीतरी माहितगाराचं होतं. "मला द्या," तो म्हणाला. "उद्या सरळ करून आणून देतो."

"अन् पळून गेलात तर?"

"कुठे पळणार? जिंतुरात माझ्यासारखे चेहरे दोनच आहेत. आणि दुसरा एकसष्ट वर्षांचा आहे."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. ते लपवायला ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर कापूस वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावर पांढरे गठ्ठे डुलत होते. त्यांच्याकडे बघत बघतच तिनं दुकानाचा पत्ता सांगितला आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात हजर झाला. सोबत तो एकसष्ट वर्षांचा दुसरा चेहरा होता. "मी जोएल, आणि हे कुया एफ्रेन. कुया म्हणजे आमच्याकडे दादा," त्यानं ओळख करून दिली. एफ्रेनला मराठी येत नव्हती, पण हसायला आणि खायला येत होतं, आणि तेवढ्यावर त्याचं भारतात झकास चाललं होतं.

शिवमूर्तींनी एकेक फ्रेम उजेडात धरून पाहिली. कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्या हळूहळू वर चढल्या. "कुठं शिकलास रे बाळा? जागची हललेली दिसत न्हाई एकबी."

"काकांचं दुकान आहे गावी. पुढे डोळे तपासायचंही शिकलो."

खूश होऊन शिवमूर्तींनी चहा मागवला, बिस्किटं मागवली. "अन् मग जिंतुरात काय काम काढलं?"

"आम्ही मिशनचे सेवक आहोत. अठरा महिने सेवा करायची. खेड्यांत जाऊन लोकांचे डोळे तपासणार, आणि चष्मे देणार." जोएलचा चेहरा उजळला होता. "मोफत!"

शिवमूर्तींची बशी ओठांपाशी थांबली.

"मोफत?"

"हो. अगदी मोफत."

"मग मी काय स्टँडवर भजी तळू?"

एफ्रेनला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. चहापाणी संपत आलं हे ओळखून त्यानं शेवटची दोन बिस्किटं पटकन तोंडात टाकली.

त्रिवेणीनं पुढं होऊन जोएलच्या सॅकमधला एक तयार चष्मा काढला आणि दोन्ही भिंगांतून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. संभाजीनगरला दोन वर्षं राहून ती डोळे तपासायचंच शिकून आली होती. "दोन्ही भिंगं सारखीच," ती म्हणाली. "माणसाचे दोन डोळे सख्खे भाऊ असतात, जुळे न्हाईत. एकाचा नंबर दुसऱ्याला बसत नसतो. असले चष्मे वाटले तर म्हाताऱ्यांची डोकी दुखतील, अन् सहा महिन्यांत सगळे चष्मे खुंटीला."

जोएलनं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. "सख्खे भाऊ... जुळे नाहीत." मग वर पाहिलं. "खरं आहे. मग काय करावं?"

त्यानं असं सरळ विचारावं, हे तिला अपेक्षित नव्हतं. तिनं भांडणाची तयारी केली होती. "तपासा तुमी," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "भिंगं आमच्या दुकानात बनतील, ज्याची त्याला. म्हाताऱ्यांना फुकट मिळू द्या, दुकानाची मजुरी मिशननं द्यावी. अन् तुमची ही पुस्तकातली मराठी ऐकून लोक पळून जातील, म्हणून संगं मी येते."

शिवमूर्तींनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्या परक्या पोराकडे, मग रिकाम्या बशीकडे. "दिवेलागणीच्या आत घरी," ते म्हणाले.

आठ दिवसांनी मिशनच्या प्रमुखांचा होकार आला, आणि शिबिरं सुरू झाली.

येलदरीच्या रस्त्यावरचं पहिलंच गाव. मारुतीच्या पारावर तक्ता टांगला होता. बायनाबाई नावाची सत्तरीची म्हातारी खुर्चीत बसली. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून त्रिवेणीनं तिच्या हातात सुई-दोरा दिला. जोएल एकेक भिंग बदलत होता. "आता? आता दिसतं का, मातोश्री?"

"आजी म्हणा," त्रिवेणीनं हळूच सांगितलं.

"आजी, दिसायलंय का?"

ते 'दिसायलंय' ऐकून पारावरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. पण दोरा सुईत गेला होता. बायनाबाई एकदा सुईकडे बघे, एकदा दोऱ्याकडे. मग तिनं मान वर केली. समोर तिचा नवरा, किशनराव, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"अगं बया! तुमी एवढे म्हातारे झालात व्हय?"

"अन् तू?" किशनराव म्हणाले. "आरसा दाऊ का?"

"नगं बाई, मला एवढ्यात आरसा नगं!"

सगळा पार हसला. त्या हसण्यात गर्दीतून एक आवाज आला. परमेश्वर नावाचा तिशीतला माणूस हाताची घडी घालून उभा होता. "फुकट चष्मे देतात, अन् मागून धर्म बदलायला लावतात. मला माहीत हाय सगळं."

जोएलचा हात भिंगांच्या पेटीवर थबकला.

उत्तर बायनाबाईनं दिलं. "परमेश्वरा, ह्या लेकरानं माझी नजर बदलली. देव हाय तिथंच हाय, उलट आता मला त्याचा शेंदूर दिसायलाय. तुजी माय बी आंधळ्यावानी चालती, तिला घिऊन ये अन् गप बस."

दुपारी परमेश्वर खरंच आईला घेऊन आला. तिची तपासणी चालू असताना तो जोएलच्या शेजारी उभा राहिला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "पाणी पिता का?" भांडण मिटवायची मराठवाड्यातली ही जुनी रीत जोएलला त्या दिवशी समजली.

असे दिवस जात राहिले. चारठाण्याला एका शिबिरात माकडानं तपासणीचा तक्ता पळवला आणि पिंपळावर बसून अख्ख्या गावाची नजर तपासली. एका घरी एफ्रेननं ठेचा ही चटणी नसून भाजी आहे असं समजून वाटीभर संपवला, आणि मग अर्धी घागर ताक. एका शेतातल्या आखाड्यावर म्हैस दूध देईना, तर जोएलनं बाह्या सरसावल्या आणि धारेला बसला. फिलिपिन्समध्ये लगुना म्हणून त्याचा मुलूख, भातशेतीचा. म्हशी तिथंही तशाच काळ्या आणि तशाच हट्टी. दुधाची धार चरवीत वाजली तशी त्या घरच्या गीताबाई म्हणाल्या, "आता हा आपला झाला. पासपोर्ट कुठलाबी असू दे."

त्याची मराठीही बदलत गेली. 'महोदय' जाऊन 'मामा' आलं, 'अत्यंत सुंदर' जाऊन 'लय भारी' आलं. आणि एक दिवस मिशनच्या जीपमध्ये तो एकाएकी दचकून म्हणाला, "भगिनी म्हणजे बहीण?"

"मग काय?"

"म्हणजे पहिल्या दिवशी यष्टीत मी तुम्हाला..." त्याचे कान लाल झाले. "तो शब्द मी परत घेतो."

"का बरं?"

"व्याकरणाची चूक होती," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

जीपमध्ये ते नेहमी असेच बसत. खिडकीशी तो, दुसऱ्या खिडकीशी ती, आणि मधे भिंत म्हणून एफ्रेन. ह्या भिंतीचा अर्थ तिला फेब्रुवारीतल्या एका दुपारी कळला.

अवकाळी आला होता. शिबिर अर्ध्यावर गुंडाळून तिघं शाळेच्या व्हरांड्यात आडोशाला उभे होते. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की जवळ सरकल्याशिवाय बोलणं ऐकू येत नव्हतं. ज्वारीच्या ओल्या ताटांचा गोडसर वास सुटला होता. एफ्रेन भिंतीला पाठ टेकून घोरत होता.

"आमच्या भाषेत शिक्षकाला काय म्हणतात, सांगू?" जोएलनं विचारलं. "गुरो."

"गुरो? गुरू?"

"हो. आणि चेहरा म्हणजे मुखा."

"मुख! खोटं सांगताय."

"आणि आसा म्हणजे..."

"आशा!" ती टाळी वाजवून म्हणाली. "हे शब्द तिकडं कसे गेले?"

"जहाजातून गेले असतील. हजार वर्षांपूर्वी. आता मी परत आणलेत." तो हसला. मग थोडा थांबला. पत्र्यावरचा पाऊसही नेमका त्याच वेळी जरा कमी झाला. "अजून एक आहे... तुमच्यासाठी मला तो बरोबर वाटतो. मुत्या."

त्रिवेणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती पोट धरून हसायला लागली. इतकी, की एफ्रेनचं घोरणं थांबलं.

"काय झालं? मुत्या म्हणजे मोती!"

"आईचं माहेर बिदरचं," ती डोळे पुसत म्हणाली. "तिकडं कानडीत आजोबांना मुत्या म्हणतात! मी तुमाला मिशा असलेली दिसायलेय का?"

तोही हसला. हसता हसता दोघांचीही नजर एकमेकांत अडकली, आणि हसणं विरून गेलं तरी सुटेना. तिनंच शेवटी पदराशी चाळा करायला घेतला. "जीपमध्ये तुमी कधी माझ्या शेजारी बसत न्हाई. मी काय चावते?"

"नियम आहे," तो म्हणाला. "सेवेचे अठरा महिने कुणाच्या प्रेमात पडायचं नाही. म्हणून सेवक कायम दोघं असतात. एकाचं लक्ष दुसऱ्यावर."

"अन् ह्यांचं लक्ष?" तिनं एफ्रेनकडे बोट केलं. तो पुन्हा घोरायला लागला होता.

"त्यांचं लक्ष आहे. फक्त डोळे मिटलेले आहेत."

"मग आत्ता आपण बोलायलाव, तेबी नियमाबाहेर का?"

"बोलणं चालतं." त्याचा आवाज खाली गेला. "आत... मनात काय चाललंय, त्याचं मात्र पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नाही."

पाऊस थांबला होता, तरी दोघं बराच वेळ आडोशालाच उभी राहिली.

पावसाळा गेला. सोयाबीन निघालं, कापसाची बोंडं फुटली. त्या भागातली साठ-सत्तर गावं झाली. आणि नोव्हेंबरात एका सोमवारी जीप आली, तर त्यात एफ्रेन होता आणि मिशननं पाठवलेला सिताराम नावाचा नवा सेवक. जोएल नव्हता.

"जोएल?" तिनं विचारलं.

एफ्रेननं वर्षभरात जमवलेली सगळी मराठी एकवटली. "जोएल... सेलू गेला. त्यानं मोठ्या साहेबाला सांगितलं. म्हणाला, माझं मन नियमात राहत नाही. इथं राहिलो तर नियम मोडेल. दुसरीकडे पाठवा." मग त्यानं छातीवर हात ठेवला. "मोडला नाही, म्हणून गेला. कळलं?"

तिला कळलं होतं. म्हणूनच तिला भयंकर राग आला.

घरी येऊन तिनं भाकरीचं पीठ असं बडवलं, की आईनं, महानंदाबाईंनी, परात काढून घेतली. "काय झालं पोरी?"

"सांगून तरी जायचं की नाही, आई? वर्षभर संगं काम केलं. एक शब्द न्हाई!"

"कुठं गेला?"

"सेलूला."

"सेलूला?" महानंदाबाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. "अन् रडायलीस अशी, जसा काही सातासमुद्रापार गेला."

"मी कुठं रडायलेय?" ती नाक ओढत म्हणाली.

मनात आणलं असतं तर ती सेलूला गेली असती. पण गेली नाही. त्याला त्याचा शब्द पाळायचा होता, आणि शब्द पाळणारा माणूस तिला आवडला होता. आता तोच मोडायला आपण कसं जायचं?

पण भिंगं तर शिवमूर्तींच्याच दुकानात बनत होती. त्यामुळं दर आठवड्याला सेलूहून यष्टीनं चिठ्ठ्यांचं पाकीट येई. प्रत्येक चिठ्ठीवर नाव, गाव, वय, तक्रार आणि दोन डोळ्यांचे नंबर. अक्षर त्याचं. सुरुवातीला कोंबडीनं उकरल्यासारखं, मग हळूहळू गोल होत गेलेलं. 'मुंजाजी, वय ६६, तक्रार : पोथी दिसंना.' 'सुकेशनी, वय ४१, तक्रार : शिलाई मशीनवर दोरा ओवता येईना.' त्रिवेणी प्रत्येक चिठ्ठी उलटून पाही. मागं कोरं. एखादं 'कशी आहेस' नाही, एखादं टिंबसुद्धा नाही. तिला चीड यायची, आणि त्याच वेळी त्याचा अभिमानही वाटायचा. ती भिंग पुसून पुसून पाकिटात भरायची आणि तिच्याकडूनही कधी एक शब्द जास्त गेला नाही.

फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर, फेब्रुवारीच्या चौदा तारखेशी, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. त्या दिवशी त्याची सेवा संपणार होती. ठिपका शिवमूर्तींनी पाहिला होता. महानंदाबाईंनीही.

सोळा तारखेला पाकीट आलं. आत एकच चिठ्ठी होती.

'नाव : जोएल. वय : २७. तक्रार : जवळचं सगळं नीट दिसतं. दूरचं पाहायला गेलं की सगळीकडे एकच माणूस दिसतं. हा आजार जुना आहे, पण कालपर्यंत सांगायची परवानगी नव्हती. उपाय आपण सुचवावा.' तारीख होती पंधरा फेब्रुवारी. नंबराच्या दोन्ही जागा कोऱ्या.

त्रिवेणीनं ती चिठ्ठी तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं, की खांद्यावरून आईही वाचतेय.

"ह्याला बोलव," महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "नंबर काय चिठ्ठीवर निघत नसतो. समोर बसवावं लागतं."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, छातीवरचा मिशनचा बिल्ला नव्हता, त्या जागी कापड जरा गडद दिसत होतं. शिवमूर्तींनी त्याला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. त्रिवेणी आतल्या पडद्यामागं उभी राहिली. तिथून तिला त्याचे फक्त गुडघे दिसत होते. ते हलत होते.

"कधी जायलास?" शिवमूर्तींनी विचारलं.

"सहा दिवसांनी. व्हिसा संपतोय."

"तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा."

"हो."

"माझ्या लेकीला गळ्यातलं लिंग काढायला लावशील?"

"नाही. तुम्ही मला एकदा विभूती लावत होता. मी नको म्हणालो. त्या दिवशीही तुम्ही मला चहा दिला. मी तेच शिकलोय इथं."

शिवमूर्तींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो स्वच्छच होता. "मासे खातोस?"

"तिकडे खातो. इथं दीड वर्षांत एकदाही नाही. मला आता धपाटे जास्त आवडतात."

"अन् पोरीला नेणार कुठं? तिकडं? का इकडं राहणार?"

ह्या प्रश्नावर गुडघे हलायचे थांबले. "मला माहीत नाही, काका. डोळे इथंही तपासता येतात, तिथंही. पण हे मी एकट्यानं ठरवलं तर ते चुकीचंच ठरेल. तिला..."

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"अर्ध्या तासापासून ऐकायलेय मी," त्रिवेणी म्हणाली. "तुमी दोघं लगीन ठरवायलाव का मोडायलाव, तेच कळंना. मासे झाले, देव झाला, व्हिसा झाला. मला काय वाटतं ते एकानं बी विचारलं न्हाई!"

"बरं, तू सांग," शिवमूर्ती म्हणाले.

"ह्यांनी विचारल्याबिगर काय सांगू?"

जोएल उठला. एवढ्या घाईत, की स्टूल मागं पडलं. त्यानं ते उचललं, सरळ ठेवलं, परत तिच्याकडे वळला. दुकानातल्या सगळ्या फ्रेमा रिकाम्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होत्या.

"त्या पहिल्या गावात," तो म्हणाला, "तू बायनाबाईंच्या चष्म्यावर फुंकर मारलीस, आणि त्यांची हनुवटी धरून तो नाकावर बसवलास. तेव्हा मी भिंगांचे नंबर विसरलो. एफ्रेननं कोपर मारलं म्हणून भानावर आलो. तेव्हापासून... त्रिवेणी, माझं तुझ्यावर प्रेम आहे. सांगता येत नव्हतं म्हणून पळून गेलो, आणि न सांगता गेलो ते चुकलं. माझ्याशी लग्न करशील?"

रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. ती जाईपर्यंत त्रिवेणी थांबली. एवढं मोठं उत्तर हॉर्नमध्ये वाया जाऊ नये म्हणून.

"करीन," ती म्हणाली. "माझं बी तुझ्यावर प्रेम हाय. पण तू सांगून गेला न्हाईस, त्याचं भांडण मी ठेवलंय. ते निवांत होईल. अन् आधी मी तुझं गाव बघणार. तुझ्या आईसमोर बसणार. तिनं मला बघावं, मी तिला. तिनं हो म्हणलं, की मग कुठं राहायचं ते आपण दोघं ठरवू. अन् बाबा संगं येतील."

"मी?" शिवमूर्ती दचकले. "मी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या पलीकडं कधी गेलो न्हाई!"

"मग जावा आता," आतून महानंदाबाई म्हणाल्या. "दुकान मी बघते. तीस वर्षं बघायलेच की."

शिवमूर्तींनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल: पै-पाहुणे, भाऊबंद, मठातले लोक, लोकांची तोंडं. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना त्रिवेणीनं पाहिलं. शेवटी ते जोएलकडे वळले.

"पासपोर्टला," त्यांनी विचारलं, "काय काय कागद लागतात रे?"

जोएलला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तो वाकला आणि त्यानं शिवमूर्तींचे पाय धरले. शिवमूर्ती ओशाळून म्हणाले, "अरे ऊठ, ऊठ, गिऱ्हाईक बघतील," आणि तिथं एकही गिऱ्हाईक नव्हतं. आत महानंदाबाईंनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता. तुपाचा वास दुकानभर पसरला.

जेवणं झाली, शिरा झाला. चारची सेलूची यष्टी होती. शिवमूर्ती गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, "त्रिवेणी, ह्याला स्टँडपर्यंत सोडून ये."

स्टँड समोरच होतं. मधे फक्त रस्ता. पण दोघांनी लांबून जायचं ठरवलं, कापसाच्या गाड्या उभ्या असतात त्या बाजूनं. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. एक तिच्या केसात येऊन बसला. जोएलनं तो काढला आणि मग काढलेला हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. त्रिवेणीनं तो आपल्या हातात घेतला. पहिल्यांदाच. त्याचा तळवा घामानं ओला होता, आणि तिचाही.

"भांडण आत्ता करायचं?" त्यानं विचारलं.

"आत्ता नको. घाई हाय व्हय?"

स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर ते शेजारी शेजारी बसले. चारची सेलूची यष्टी लागली, भरली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. दोघंही उठले नाहीत. धूळ उडवत ती फाटकातून बाहेर पडली.

"गेली," जोएल म्हणाला.

"पुढची पाचला हाय."

"आणि त्याच्या पुढची?"

"सहाला," त्रिवेणी म्हणाली, आणि तिनं डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. "ती दिवेलागणीच्या आतली हाय."